पुढली ओळ : शास्त्रवचन आणि आजचे जगणे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या संस्कृतच्या गुरुजींना आम्ही सारे नुसते ‘शास्त्रीबुवा’ म्हणत असू. त्यांच्या तासाला कोणी श्लोकाचा अर्थ सांगू लागला की ते डोळे मिटून ऐकत आणि शेवटी एवढेच विचारीत, “पुढली ओळ वाचलीस का?” बहुधा ती वाचलेली नसे. या एका प्रश्नाने त्यांनी आम्हाला जेवढे व्याकरण शिकवले, त्याहून अधिक शहाणपण शिकवले असावे, असे आज पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर मला वाटते. आजच्या विषयाची सुरुवात आणि शेवट याच प्रश्नात आहे.

विषय असा : हजार-दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेले धर्माचे नियम आजच्या जगण्यात अक्षरशः पाळू गेल्यास काय होते? ते पाळावे की सोडावे, हा वाद आपल्या परिचयाचा आहे. एका बाजूला शास्त्रात लिहिले आहे म्हणून हट्ट धरणारे, दुसऱ्या बाजूला शास्त्रात लिहिले आहे म्हणूनच टाकून द्या म्हणणारे. या दोघांमध्ये एक गोष्ट समान आहे. शास्त्रात नेमके काय लिहिले आहे, हे पुरते पाहण्याचे कष्ट बहुधा दोघांनीही घेतलेले नसतात. मी धर्मशास्त्राचा पंडित नाही, मराठीचा अध्यापक आहे. परंतु जुन्या मराठीच्या अभ्यासात या ग्रंथांशी वारंवार गाठ पडली, आणि एकदा तर ती आमच्या घराच्या उंबरठ्यावरच पडली. म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

आमच्या घरातील एक प्रसंग

१९७८ साली कोकणात आमचे एक चुलत काका वारले. दुसऱ्या दिवशी बडोद्याला तार आली. आम्ही सपिंड, तेव्हा दहा दिवसांचे सुतक. त्यातले उरलेले आठ दिवस आम्हाला लागू झाले. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, देवपूजा थांबवली, बाहेरच्यांना शिवू नये असे सर्वांना बजावले. माझा धाकटा भाऊ तेव्हा नुकताच डॉक्टर झाला होता आणि शासकीय रुग्णालयात नोकरीला लागला होता. सकाळी तो नेहमीप्रमाणे निघाला. अण्णांनी त्याला दारात अडवले. “आठ दिवस कोणाला हात लावायचा नाही,” ते म्हणाले. तो म्हणाला, “अण्णा, माझे कामच हात लावण्याचे आहे.” आणि तो गेला.

रात्री तो परतला तेव्हा आईने त्याचे पान ओसरीवर मांडले. आठही रात्री तो ओसरीवर जेवला. त्या दिवसांत अण्णा त्याच्याशी बोलले नाहीत. आणि मी? मी अठ्ठावीस वर्षांचा, महाविद्यालयात मराठी शिकवणारा, पीएच.डी.चे काम चालू असलेला. मी ‘धर्मसिंधु’ची मराठी भाषांतराची प्रत काढली, आशौचाचे प्रकरण उघडले आणि अण्णांच्या बाजूने भावाला ते वाचून दाखवले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले. दोन महिन्यांनी दुसऱ्या गावची नोकरी पत्करून तो घर सोडून गेला.

ही गोष्ट मी पुढे पुरी करीन. आधी हे नियम मुळात काय आहेत आणि ते कसे वाचले जात, हे पाहू.

नियम कोणत्या जगासाठी होता?

मृत्यूची वार्ता उशिरा कळली तर काय करावे, याचा विचार मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आहे. दहा दिवसांच्या आत कळले तर उरलेले दिवस पाळावेत. दहा दिवस उलटून गेल्यावर कळले तर तीन रात्री. वर्ष उलटून गेले असेल तर केवळ स्नानाने शुद्धी. नंतरच्या ग्रंथांनी यात आणखी पायऱ्या केल्या. परंतु तत्त्व एकच, की वार्ता जितकी उशिरा येईल तितके बंधन हलके.

हा नियम मला फार मनुष्यस्वभावाला धरून वाटतो. ज्या काळात निरोप पायी चालत येत असे, त्या काळात तो केलेला आहे. पेशव्यांच्या काळात आपले पूर्वज गुजरात, माळवा, ग्वाल्हेर येथे आले. कोकणातल्या किंवा देशावरच्या भाऊबंदाच्या मृत्यूची बातमी त्यांना कित्येकदा महिना-दीड महिन्याने कळत असणार. त्यांच्या वाट्याला तीन दिवस येत. मग तार आली, टपाल जलद झाले, दूरध्वनी आला, आणि आता तर मृत्यूची बातमी त्याच घटकेला जगभर पसरते. नियमातला एक शब्दही बदललेला नाही. परंतु जे बंधन दूरदेशी राहणाऱ्याला हलके व्हावे अशी योजना होती, ते यंत्राने आपोआप जड केले. म्हणजे अक्षर तसेच ठेवले तरी नियम तसाच राहतो असे नाही. भोवतालचे जग बदलले की न बदललेला नियमही बदलतो. अक्षरशः पालन करू पाहणाऱ्याची पहिली अडचण ही आहे.

याचे दुसरे उदाहरण परदेशस्थ मराठी माणसांचे. माझी एक विद्यार्थिनी कॅनडात आहे. तिने एकदा विचारले, “सर, संकष्टीला चंद्रोदय कुठला धरायचा, बडोद्याचा की इथला?” उत्तर पंचांगाच्या व्याख्येतच आहे. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यांमधील बारा अंशांच्या अंतराचा काळ. ती सुरू होते आणि संपते तो क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच. सूर्योदय आणि चंद्रोदय मात्र ज्याच्या त्याच्या गावचे. व्रताचा दिवस ठरतो तो या दोहोंच्या मेळाने. म्हणून इकडची एकादशी तिकडे कधी आदल्या वारी येते, आणि तसे येणे शास्त्राला धरूनच असते. पुण्या-मुंबईच्या चंद्रोदयाची वेळ पाहून कॅनडात उपास सोडणारा अक्षर पाळतो असे त्याला वाटते; प्रत्यक्षात तो अक्षरही पाळत नाही.

ग्रंथ एकमेकांशी बोलतात

दुसरी अडचण अशी की, शास्त्र हा एक ग्रंथ नव्हे. सूत्रे, स्मृती, पुराणे, त्यांवरील भाष्ये आणि नंतरचे निबंधग्रंथ असा हा दीड-दोन हजार वर्षांचा संवाद आहे आणि त्यात मतभेद भरपूर आहेत.

बौधायन धर्मसूत्राच्या आरंभीच दक्षिणेकडील आणि उत्तरेकडील लोकांच्या आचारभेदांची यादी आहे. मामाच्या मुलीशी विवाह हा दक्षिणेचा आचार, समुद्रप्रवास हा उत्तरेचा. बौधायनाचे म्हणणे असे की, ज्या देशात जो आचार आहे तेथे तो प्रमाण. एका देशाचा आचार दुसऱ्या देशात केला तर दोष. लागलीच तो गौतमाचे मत नोंदवतो, की हे म्हणणे खोटे आहे. पुढे त्याच ग्रंथात पतनास कारण होणाऱ्या कर्मांची यादी येते, आणि तिच्यात समुद्रप्रवास आहे. आता सांगा, अक्षरशः पालन करणाऱ्याने यातील कोणते अक्षर घ्यावे?

हा केवळ पंडितांचा खेळ नव्हता. समुद्र ओलांडणाऱ्या द्विजाला प्रायश्चित्तानंतरही व्यवहारात घेऊ नये, असे वचन कलिवर्ज्यांत आहे, आणि त्याच्या धाकाने गेल्या शतकापूर्वीच्या कित्येक घरांत विलायतेहून शिकून आलेला मुलगा पंक्तीबाहेर बसला. या ‘कलिवर्ज्य’ शब्दाकडे मात्र नीट पाहिले पाहिजे. पूर्वी विहित असलेल्या, परंतु कलियुगात करू नयेत असे ठरवलेल्या गोष्टी, हा त्याचा अर्थ. नियोग, मधुपर्कातील पशुवध, अश्वमेध, दीर्घकालीन ब्रह्मचर्य अशा अनेक बाबी त्यात आहेत. भारतरत्न म. म. पां. वा. काणे यांनी आपल्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या पंचखंडात्मक ग्रंथात अशी ५५ कलिवर्ज्ये विवेचिली आहेत. त्यांवरून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. वेदात, सूत्रात, स्मृतीत स्पष्ट सांगितलेल्या गोष्टीही समाजाला सोसेनाशा झाल्या की आमचे पूर्वज त्या थांबवीत होते, आणि हे काम ते उघडपणे, यादी करून करीत होते. समुद्रप्रवासाची बंदी घट्ट करणाराही हाच दरवाजा आणि मधुपर्कातील पशुवध थांबवणाराही हाच. दरवाजा उघडतो आणि मिटतो, एवढे मात्र त्याने सिद्ध होते.

निबंधकारांचे कामही हेच. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. त्यांचे चुलत बंधू नीलकंठभट्ट यांचा ‘व्यवहारमयूख’ पुढे इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी याच गुजरातेत वारसाहक्कासाठी प्रमाण मानला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ १७९० चा. घर सोडून दूर स्थायिक झालेल्या मराठी माणसांनी, बदललेल्या देशकालात काय करावे या प्रश्नाची उत्तरे लिहिली, ही गोष्ट बडोद्याच्या श्रोत्यांपुढे सांगताना मला विशेष समाधान वाटते.

कांडण आणि सोन्याचे दाणे

तिसरी गोष्ट वाचण्याच्या पद्धतीची. वैदिक वाक्यांचा अर्थ कसा लावावा याचे शास्त्र म्हणजे पूर्वमीमांसा. जैमिनीची सूत्रे आणि त्यांवरील शबरस्वामींचे भाष्य हा तिचा पाया. कर्मकांडाचे शास्त्र म्हणून आपण तिच्याकडे पाठ फिरवतो. परंतु अक्षर आणि हेतू यांच्या नात्याचा इतका बारीक विचार अन्यत्र क्वचितच झाला असेल. दोन उदाहरणे देतो.

यज्ञातील पुरोडाशासाठी भात कांडावा, असे विधान आहे. कांडण्याचा दिसणारा हेतू तूस काढणे. मग नखाने सोलून तूस काढले तर चालेल का? मीमांसक म्हणतात, नाही. मार्ग अनेक असताना शास्त्राने एकच सांगितला, तेव्हा तोच धरला पाहिजे. याला नियमविधी म्हणतात. येथवर अक्षरनिष्ठ माणसाला आनंद होईल.

आता पुढली ओळ. दीर्घायुष्याची इच्छा करणाऱ्याने करायची एक इष्टी आहे. तीत तांदळाच्या जागी सोन्याचे शंभर दाणे, ज्यांना कृष्णल म्हणतात, तुपात शिजवून चरू करायचा असतो. मूळ इष्टीचे सारे विधी येथे लागू होतात, असा सामान्य नियम. मग सोन्याचे दाणे कांडायचे का? मीमांसेचे उत्तर, नाही. सोन्याला तूस नसते. ज्यासाठी कांडण होते तो हेतूच येथे नाही, म्हणून ती क्रिया गळून पडते. याला ‘बाध’ म्हणतात, आणि जैमिनीचा दहावा अध्याय या बाधाच्या विचाराला वाहिलेला आहे. गंमत अशी की, ते दाणे शिजवायचे मात्र असतात. सोने शिजत नाही हे मीमांसकांना ठाऊक होते. पण शिजवण्याची आज्ञा त्या इष्टीत स्वतंत्रपणे, नाव घेऊन केलेली आहे, म्हणून ती राहते.

या एका उदाहरणात साऱ्या विषयाचे सार आले आहे, असे मी मानतो. हेतू संपला की क्रिया संपते, ही एक बाजू. हेतू दिसत नसला तरी जे मुद्दाम सांगितले ते सोडायचे नाही, ही दुसरी. कोणते वचन कोणत्या बाजूचे, हे प्रत्येक वेळी विचार करून ठरवावे लागते. बुद्धीला सुट्टी देऊन शास्त्र पाळता येईल, अशी सोय शास्त्रकारांनी ठेवलेलीच नाही.

याशिवाय मीमांसकांनी ‘विधी’ आणि ‘अर्थवाद’ असा भेद केला. अमुक करावे हा विधी; ते केल्याने अफाट पुण्य लाभते किंवा न केल्याने भयंकर गती होते, अशी स्तुति-निंदा हा अर्थवाद. अर्थवादाचे काम उत्साह देणे किंवा परावृत्त करणे. त्याचा शब्दशः अर्थ घ्यायचा नसतो. घरोघरी ज्या वाक्यांनी लोक भ्यालेले असतात, ती बहुतेक अर्थवादाची असतात.

जे मिळत नाही त्याच्या जागी दुसरे घ्यावे, याला ‘प्रतिनिधी’ म्हणतात. सोमवल्ली मिळाली नाही तर पूतिका घ्यावी, असे श्रौतग्रंथ सांगतात. आपल्या घरच्या पूजेत गणपतीच्या जागी सुपारी, नसलेल्या उपचाराच्या जागी अक्षता, श्राद्धाला ब्राह्मण न मिळाल्यास दर्भाचा चट, हे सारे प्रतिनिधीच. ज्याचा देह सापडत नाही त्याच्यासाठी पळसाच्या ३६० देठांची आकृती करून दाह करण्याचा पालाशविधी आहे. २०२० आणि २०२१ मध्ये, महामारीच्या काळात, आपल्यापैकी कित्येकांना आपल्या माणसाचे अंत्यदर्शन घडले नाही, खांदा देता आला नाही. ‘विधी अपुरा राहिला’ ही खंत अनेकांनी माझ्यापाशी बोलून दाखवली. त्यांना मी हेच सांगत आलो, की देहाशिवाय निरोप देण्याची वेळ माणसावर येते, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

त्याच काळात सुतक म्हणजे प्राचीनांचे विलगीकरणच, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जात होते. मला ते पटत नाही. सुतक रक्ताच्या नात्याला लागते, सहवासाला नव्हे. शेकडो कोस दूर असलेल्या सपिंडाला ते लागते आणि शेजाऱ्याला लागत नाही. संसर्गाचा नियम असा नसतो. जुन्या नियमाला विज्ञानाचा अंगरखा घालून त्याचा मान वाढत नाही. तो शोकाचा, कुळाच्या एकत्वाचा नियम आहे, आणि तेवढे त्याला पुरेसे आहे.

ओझे कोणाच्या खांद्यावर?

येथवर मी ग्रंथांच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू सांगितली नाही तर तो अप्रामाणिकपणा होईल.

आमच्या घरी माझी आत्या असे. तेराव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी परतली ती कायमची. केशवपन, अलवण, एकभुक्त, सोवळे. नळाच्या तोटीत कातड्याचे वायसर असते म्हणून ती नळाचे पाणी पीत नसे. उन्हापावसात वाड्याच्या विहिरीवरून घागर आणीत असे. पुढे विहीर आटली. दोन दिवस ती पाण्यावाचून राहिली. तिसऱ्या दिवशी तिने तांब्या नळाखाली धरला आणि म्हणाली, “वाहत्या पाण्याला दोष नाही.” हेही शास्त्रवचनच होते. न शिकलेल्या त्या बाईने आपल्यापुरता निबंध लिहिला, असे आज मला वाटते. केसांच्या बाबतीत मात्र तिला असा निबंध लिहू देणारे कोणी नव्हते. सक्तीच्या केशवपनाला मनू, याज्ञवल्क्य यांसारख्या प्राचीन स्मृतींचा आधार नाही, हे काण्यांनी दाखवून दिले आहे. ते तिच्या कानावर कोणी घातले नाही. ज्यांना वाचता येत होते त्यांनी पुढली ओळ वाचली नाही, आणि त्याची किंमत जिला वाचता येत नव्हते तिने आयुष्यभर दिली.

अस्पृश्यतेच्या बाबतीत तर हे ओझे लक्षावधी माणसांवर घातले गेले. येथे पुढली ओळ वाचूनही भागत नाही. कित्येक ठिकाणी पुढली ओळ मागच्या ओळीइतकीच क्रूर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, ते याच सत्याचे उच्चारण होते. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी अस्पृश्यतानिवारणासाठी शास्त्राच्या आत राहून युक्तिवाद केला. बाबासाहेबांनी शास्त्राच्या प्रामाण्यालाच आव्हान दिले. दोन्ही वाटा आपल्याच भूमीतल्या. पण जेव्हा नियम पाळणारा एक आणि त्याचे दुःख भोगणारा दुसरा असतो, तेव्हा अर्थ लावण्याचे कौशल्य अपुरे पडते; तेथे नियमच मोडावा लागतो. १९५० मध्ये संविधानाने तो मोडला.

आपल्या संतचरित्रांनी हा भेद फार पूर्वी ओळखला होता. संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात आलेल्या विठ्ठलपंतांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले, अशी परंपरा आहे. निर्णय देणाऱ्यांनी ग्रंथ पाहिला. समोर चार मुले उभी होती ती पाहिली नाहीत. उलट, काशीची गंगा कावडीने रामेश्वराला नेताना वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ती ओतणाऱ्या एकनाथांची आख्यायिका घ्या. संकल्प अक्षरशः मोडला. तरी मराठी मनाने चारशे वर्षे हीच पूजा पुरी झाली असे मानले आहे. त्याच नाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेही अक्षराला अक्षर लावून. अक्षराची निष्ठा कोठे आणि जिवाची निष्ठा कोठे, हे त्यांना ठाऊक होते.

पुण्यातील पंचहौद मिशनचे चहाप्रकरणही याच संदर्भात आठवते. १८९० मध्ये तेथील व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली, गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे प्रसिद्ध केली आणि न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले आणि त्यासाठी सुधारकांचा रोष पत्करला. एका पेल्यासाठी एवढी थोर माणसे एवढा काळ अडकून पडली, याचे आज हसू येते. परंतु हसण्यापूर्वी आपण आपल्या घरातल्या ओसरीकडे पाहावे.

आपल्या बडोद्याने या प्रश्नावर एक वेगळा उपाय शोधला होता, तोही सांगितला पाहिजे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९१५ साली पुरोहितांसंबंधीचा कायदा झाला. पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा द्यावी आणि विधीचा अर्थ यजमानाला समजेल अशा भाषेत सांगावा, असा त्याचा आशय. अक्षर राहू द्या, पण त्याचा अर्थ ज्याच्यासाठी ते उच्चारले जाते त्याला कळू द्या. कळल्यावर काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे तो ठरवील. यात एका राज्यकर्त्याचा आपल्या प्रजेच्या बुद्धीवरचा विश्वास दिसतो.

उरलेली गोष्ट

भाऊ गेल्यानंतर माझे मन स्वस्थ नव्हते. एक दिवस मी शास्त्रीबुवांकडे गेलो. त्यांना सारी हकीकत सांगितली, ‘धर्मसिंधु’तले वचन सांगितले. ते नेहमीसारखे डोळे मिटून ऐकत होते. मग उठले, फळीवरून पराशरस्मृती काढली, तिसरा अध्याय उघडून माझ्यापुढे ठेवला आणि आत निघून गेले. तेथे आशौच ज्यांना तत्काळ फिटते, म्हणजे ज्यांना ‘सद्यःशौच’ आहे, त्यांची यादी होती. शिल्पी, कारागीर, दासदासी, न्हावी, राजा, श्रोत्रिय. आणि त्या यादीत, स्पष्ट शब्दांत, वैद्य.

ज्याच्या कामाचा खोळंबा झाल्यास दुसऱ्याचे प्राण जातील किंवा लोकव्यवहार थांबेल, त्याला सुतक अडवीत नाही. हे पराशरांनी सांगितलेले होते. कलियुगासाठी विशेषेकरून प्रमाण मानलेल्या स्मृतीत सांगितलेले होते. माझा भाऊ त्या सकाळी दारातून बाहेर पडला तेव्हा शास्त्र त्याच्या बाजूला होते. ओसरीच्या आत बसलेले आम्ही दोघे शास्त्राच्या बाहेर होतो. त्याने ग्रंथ वाचला नव्हता, आणि मी अर्धा वाचला होता.

हे अण्णांना सांगायला मला सहा महिने लागले. पांडित्याचा अभिमान ही वाईट चीज आहे. अखेर सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग त्याला तसे कळव.” मी पत्र लिहिले. भावाचे कार्ड आले. “दादा, कळले. मला शास्त्राची परवानगी नको होती. आईला पान ओसरीवर मांडावे लागले, ते मात्र विसरता येत नाही.” एवढाच मजकूर होता.

१९८६ मध्ये अण्णा गेले. भाऊ आला. त्याला कोणी काही सांगितले नाही, सांगण्याचे धाडसही कोणाला नव्हते. परंतु त्याने रुग्णालयातून रजा घेतली आणि दहाही दिवस तो माझ्याशेजारी चटईवर निजला, अळणी जेवला, दहाव्या दिवशी नदीवर आला. काकांच्या वेळी रोग्यांसाठी त्याने नियम बाजूला ठेवला होता. वडिलांसाठी तो आपण होऊन पाळला. त्या दहा दिवसांत आम्ही भाऊ पुष्कळ वर्षांनी एकमेकांशी बोललो. हा नियम कशासाठी असावा, हे मला कोणत्याही ग्रंथापेक्षा त्या चटईवर अधिक कळले.

म्हणून जाता जाता एवढेच. जुना नियम समोर आला म्हणजे तीन प्रश्न विचारावेत, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे. हा नियम कोणत्या जगासाठी, कोणासाठी सांगितला होता? त्याचा हेतू आज शिल्लक आहे का, की आपण सोन्याचे दाणे कांडतो आहोत? आणि तो पाळताना ओझे माझ्या खांद्यावर येते, की दुसऱ्या कोणाच्या? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘दुसऱ्याच्या’ असे आले, तर पहिल्या दोहोंसाठी थांबण्याचे कारण नाही. ओझे माझेच असेल, तर उपास करावा, पूजा करावी, दहा दिवस चटईवर निजावे. त्यात कोणाचे काही जात नाही आणि कदाचित आपल्याला काही लाभते.

शास्त्रीबुवांचा प्रश्न याहून सोपा होता. त्यांच्या स्मृतीला वंदन करून तो तुमच्या स्वाधीन करतो आणि आपली रजा घेतो. कोणत्याही ओळीवर बोट ठेवून कोणाला दाराबाहेर बसवण्यापूर्वी, पुढली ओळ वाचावी.